बदलापूर-अंबरनाथच्या डोंगरांत माउंटन बायकिंग : दगड, वाट आणि नियम

माउंटन बायकिंग म्हणजे डांबरी रस्ता सोडून पायवाटा, गाडीवाटा, खडकाळ पठारे आणि डोंगरउतार यांवरून सायकल चालवणे. मराठीत नुसते 'बाईक' म्हटले की मोटरसायकल डोळ्यांपुढे येते, त्यामुळे या खेळाचे नाव ऐकून अनेकांचा गैरसमज होतो. यात इंजिन नसते. जे काही जोर लावायचे ते पायांनीच.

युरोपात या खेळाची काही गाजलेली ठिकाणे चुनखडीच्या डोंगरांत आहेत. इटलीतील गार्डा सरोवराभोवतीचे डोंगर किंवा समुद्रकाठचे फिनाले लिगुरे ही त्यांतली ठळक नावे. महाराष्ट्रातही चुनखडी आहे, पण तिचे मोठे साठे यवतमाळमधील वणी आणि चंद्रपूरमधील कोरपना-राजुरा या भागांत आहेत आणि त्यांच्या जिवावर सायकली नव्हे, सिमेंटचे कारखाने चालतात. मुंबई-ठाण्याच्या सायकलस्वाराच्या वाट्याला येतो तो सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेवरची एकमेकांना जवळजवळ चिकटलेली तीन शहरे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. शहरे सपाटीवर वसलेली, पण लोकलच्या खिडकीतूनही दिसणारी मलंगगड, ताहुली, चंदेरी, नाखिंड, पेब आणि माथेरान अशी डोंगररांग त्यांच्या पाठीशी उभी आहे. दुसऱ्या अंगाला उल्हास नदी ओलांडली की बारवी धरणाभोवतीचे जंगल. रविवारी पहाटे हेल्मेट घातलेले सायकलस्वार काटई-नेवाळी किंवा बारवीच्या रस्त्याला लागतात ते याच दोन दिशांना.

इथे एक गंमत आहे. डोंगराकडे जायचे तर अंबरनाथ आणि बदलापूर या दोन्ही स्थानकांतून 'पूर्वेला' उतरावे लागते, पण होकायंत्र पाहिले तर डोंगर दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला दिसतो. कल्याणनंतर कर्जतकडे जाणारा रेल्वेमार्ग वळतो, पूर्व-पश्चिमेची नावे मात्र मुंबईपासून चालत आली तीच राहतात. मोबाइलवरचा नकाशा आणि गावकऱ्याने हाताने दाखवलेली दिशा जुळत नाही, ती बऱ्याचदा यामुळे.

या डोंगरांतल्या बहुतेक वाटा सायकलसाठी आखलेल्या नाहीत. त्या वाडी-पाड्यांवरच्या लोकांनी पाण्याला, शेताला, बाजाराला आणि देवाला जाण्यासाठी पाडलेल्या आहेत. सायकलस्वार तिथे पाहुणा असतो. म्हणून 'सायकल कुठे चालवता येईल' या प्रश्नाचे उत्तर तीन गोष्टींवर ठरते : खाली दगड कोणता आहे, वाट उतारावर कशी पडली आहे आणि जमीन कोणाची आहे.

खेळ कुठून आला

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन काउंटी या भागात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून माउंट टॅमलपायस या डोंगरावरून खाली सोडू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत पहिल्यांदा झाली. नावामागचे कारण साधे आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतारात तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने बनवलेली माउंटन बाइक बाजारात आली, १९९० मध्ये पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

त्याच टॅमलपायसवर पुढच्या काही वर्षांत पायी फिरणारे आणि सायकलवाले यांच्यात वाद पेटला आणि अनेक अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. म्हणजे वाट कोणाची, हा प्रश्न या खेळाला जन्मापासून चिकटलेला आहे.

भारतात हा खेळ आधी रुजला तो हिमालयात. हिमाचल प्रदेशातील 'एमटीबी हिमालय' ही अनेक दिवसांची शर्यत २००५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राच्या खेळाडूंनीही यात नाव कमावले आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने राष्ट्रीय पातळीवर माउंटन बाइक प्रकारात पदके मिळवली आहेत.

चुनखडी आणि बेसॉल्ट : चाकाखाली काय फरक पडतो

पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवते. त्यातून फटी, घळी, विवरे आणि गुहा तयार होतात आणि पडलेले पाणी पृष्ठभागावर वाहण्याऐवजी जमिनीत उतरते. त्यामुळे पाऊस थांबला की चुनखडीवरच्या वाटा लवकर वाळतात. कोरड्या चुनखडीवर टायर छान धरतो, मात्र तिच्या कडा इतक्या धारदार असू शकतात की टायरची बाजू कापली जाते. वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेली चुनखडी ओली झाली की साबणासारखी निसरडी होते.

सह्याद्रीचा हिशेब वेगळा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले. सगळे थर सारख्या ताकदीचे नव्हते. कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे उतार आणि माच्या झाल्या. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो तो यामुळे. या खडकाला इंग्रजीत लावला जाणारा 'ट्रॅप' हा शब्दही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. चंदेरी किंवा मलंगगड लांबून पाहिला तरी हा जिना दिसतो : खाली पसरट उतार, मग कडा, मग झाडीची माची, पुन्हा कडा आणि वर सुळका.

सायकलस्वारासाठी या जिन्याचा अर्थ असा की माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग उतार इथे मिळत नाही. आल्प्समध्ये तासभर ब्रेकवर बोट ठेवून उतरण्याची जी मजा सांगितली जाते, ती इथे शोधू नये. माची किंवा पायथ्याचे पठार यांवर सायकल चालते. कड्याच्या टप्प्यावर ती खांद्यावर घ्यावी लागते किंवा तिथूनच परतावे लागते. चंदेरीची वाट तर वरच्या टप्प्यात घसाऱ्याची आणि कातळाची आहे. गिर्यारोहकही तिथे जपून पाय टाकतात; सायकल नेण्याचा विचार पायथ्याच्या चिंचवलीतच सोडून द्यावा हे उत्तम.

बेसॉल्ट कुजून तयार होतो तो मुरूम. सपाटीवर दाबून बसलेला मुरूम सायकलसाठी फार चांगला. पाणी मुरते, चिखल कमी होतो. उतारावरचा सुटा मुरूम मात्र चाकाखाली मोहरीच्या दाण्यांसारखा पळतो. पुढचा ब्रेक दाबला की पुढचे चाक सरकलेच. नवख्यांचे कोपर आणि गुडघे सोलले जातात ते बहुधा कातळावर नाही, या मुरमावर. भाताची खाचरे आली की चिकण माती सुरू होते आणि ओल्या दिवसांत ती टायर व फ्रेमच्या मधल्या जागेत अशी भरते की चाक फिरेनासे होते. माथेरानच्या माथ्यावर पुन्हा दगड बदलतो. तिथे जांभा आणि त्याची लाल धूळ.

आणि पाणी. बेसॉल्टमध्ये पाणी चुनखडीसारखे पटकन गडप होत नाही. जून ते सप्टेंबर या काळात ते पृष्ठभागावरून धावत सुटते आणि त्याला सगळ्यात सोपा मार्ग सापडतो तो माणसांनी तुडवून खोलगट केलेली पायवाट. कोकणातल्या डोंगरवाटा चार महिने ओहोळ असतात आणि आठ महिने वाटा.

वाट का धुपते

पायवाट पाडणाऱ्याला कमीत कमी वेळात वर पोहोचायचे असते. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक वाटा डोंगराच्या सोंडेवरून जवळजवळ सरळ वर चढतात, म्हणजे पाणी ज्या रेषेत खाली येते त्याच रेषेत. पाण्याला वाटेतून बाहेर पडायला जागाच राहत नाही. ते वेग घेते, माती नेते, दगड उघडे पाडते. वाट खोल झाली की लोक शेजारून नवी वाट पाडतात आणि काही वर्षांत तिचीही तीच गत होते.

सायकलसाठी वाटा आखणारे जगभरातले लोक यावर एक ठोकताळा वापरतात. त्याला 'अर्धा नियम' म्हणतात : वाटेचा चढ डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. समजा डोंगराचा उतार ४० टक्के आहे, म्हणजे १०० मीटर आडवे गेल्यावर ४० मीटर उंची चढते. तिथे वाटेचा चढ २० टक्क्यांच्या आत हवा. असे केले की वाट उताराला आडवी जाते, पाणी तिच्यावरून ओलांडून खाली निघून जाते, तिच्यातून वाहत नाही. शिवाय संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि मधे मधे तिला थोडी खाली-वर करतात, म्हणजे साचलेले पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडते.

हे सूत्र इथल्या लोकांना अगदीच नवे नाही. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, ती याच हिशेबाने डोंगराला वळसे घालत गेली आहे. सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर चढ २० मीटरला साधारण १ मीटर, म्हणजे ५ टक्के. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत जाणारा घाटरस्ता जवळपास तीच उंची सात-आठ किलोमीटरांत चढतो. हा रस्ता डांबरी असला तरी पायांचा आणि ब्रेकचा कस पाहायला याच्यासारखी दुसरी जागा जवळपास नाही. डोंगरात जाण्याआधी हा घाट न थांबता चढता आणि ताबा न सोडता उतरता आला पाहिजे, असे म्हणायला हरकत नाही.

सायकलने वाट पायांपेक्षा जास्त खराब होते का? अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात विल्सन आणि सेनी या संशोधकांनी यावर प्रयोग केला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओल्या केलेल्या वाटेवर घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. कोरड्या वाटेवरही घोडे पुढेच राहिले. माथेरानला लागू करून पाहावा असा हा निष्कर्ष आहे. तिथे घोडे हे वाहतुकीचे मुख्य साधन, आणि मातीची धूप थांबवण्यासाठी रस्त्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे की नाही यावर मोठा वाद झाला. ब्लॉकवरून घोडे घसरतात, असा घोडेवाल्यांचा आक्षेप होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

पण या निष्कर्षाचा आधार घेऊन सायकलस्वारांनी हात झटकू नयेत. फिरते चाक आणि घसटणारे चाक यांत फरक आहे. मागचा ब्रेक करकचून दाबला की चाक फिरायचे थांबते आणि मातीत नांगराच्या तासासारखी चर पडते. पुढचा पाऊस त्याच चरीतून धावतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत धूळ उडवणारी ती घसट दिसायला झकास असते. ती वाटेवर काय करून जाते हे जुलैत कळते, आणि कळते ते डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊन त्याच वाटेने उतरणाऱ्या बाईला. या डोंगरांच्या पायथ्याशी आणि कुशीत ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. माथेरानला दूध, भाजी आणि रानमेवा अशा वाड्यांवरून पायवाटांनीच वर जात आला आहे. सायकलस्वाराची वाट खराब झाली तर तो पुढच्या रविवारी दुसरीकडे जाईल. वाडीला दुसरी वाट नसते.

जमीन कोणाची

या रांगेतल्या कोणत्याही मोकळ्या जागेला मालक नाही असे समजणे चूक ठरते. अंबरनाथला आयुध निर्माणीचे मोठे कुंपणबंद क्षेत्र आहे. काकोळ्याचा जीआयपी तलाव रेल्वेचा. बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे. नेवाळीचे ओसाड दिसणारे माळरान तर दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीसाठी घेतलेली जमीन; तिच्यावरून नौदल आणि शेतकरी यांच्यातला वाद जून २०१७ मध्ये हिंसक आंदोलनापर्यंत पोहोचला. सायकल फिरवायला उत्तम वाटणारा माळ कोणाच्या तरी कोर्टकचेरीचा विषय असू शकतो.

डोंगराचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क वेगळे, बाहेरून आलेल्याची हौस वेगळी. प्रत्यक्षात रुळलेल्या वाटेने देवळाला किंवा किल्ल्यावर जाणाऱ्यांना सहसा अडवले जात नाही, पण ती सवलत आहे, हक्क नाही. मोठा गट नेणार असाल, स्पर्धा भरवणार असाल किंवा रात्री जाणार असाल तर बदलापूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारणे हाच सरळ मार्ग.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांचे नियम याहून कडक असतात. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि प्रवेशच परवानगीने मिळतो. या डोंगररांगेपलीकडचे कर्नाळा पक्षी अभयारण्य त्या प्रकारात मोडते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात भाड्याने सायकली मिळतात, पण त्या आतल्या रस्त्यावर फिरण्यासाठी. झाडीतल्या वाटांवर घालण्यासाठी नव्हे.

माथेरानचा प्रकार तिसराच. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला; त्याभोवती २०० मीटरचा पट्टाही राखला. हे अभयारण्य नाही. माणसे राहतात, शेती होते, पर्यटन चालते. मात्र नव्या खाणी, झाडतोड आणि बांधकाम यांवर बंधने आहेत. माथेरान गावात मोटारगाड्यांना बंदी असून त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. हातरिक्षांना पर्याय म्हणून आणलेल्या ई-रिक्षांसाठीही न्यायालयाची परवानगी लागली. सायकलस्वाराने आपली चढाई दस्तुरीला संपवून पुढे पायी फिरावे.

संवेदनशील क्षेत्राचा नियम सायकलस्वारांना दोन्ही बाजूंनी लागतो. डोंगर खाणींपासून वाचला म्हणून वाटा शिल्लक राहिल्या. पण उद्या कोणी डोंगर कापून, झाडे तोडून सायकलची खास वाट बांधू म्हटले तर तोच नियम आडवा येईल, आणि ते योग्यच आहे. आहे त्या वाटांची पाणी काढून देणारी दुरुस्ती हा त्यातल्या त्यात जमण्यासारखा मार्ग दिसतो. दरम्यान शहरे सरकत सरकत पायथ्याला भिडली आहेत आणि मुंबई-वडोदरा महामार्गाचा सुमारे चार किलोमीटरचा जोडबोगदा याच रांगेखालून, बदलापूर बाजूकडून पनवेलकडच्या मोरब्यापर्यंत काढला आहे.

कुठे काय मिळते

सुरुवात करणाऱ्यासाठी बारवीची बाजू सोपी. बदलापूर पश्चिमेकडून उल्हास ओलांडून जाणारा रस्ता झाडीतून, चढउतार घेत जातो. त्याला फुटणाऱ्या गाडीवाटा गावांमधून फिरतात. रुंद असल्यामुळे समोरून गुरे आली तरी थांबायला जागा मिळते. या जंगलात बिबट्याचा वावर आहे. झुंजूमुंजू आणि दिवेलागणीच्या वेळी एकट्याने फिरू नये, ही गावकऱ्यांची सूचना मनावर घ्यावी.

डोंगराच्या बाजूला बदलापूर पूर्वेकडून भोज गावावरून कोंडेश्वरला जाता येते. रस्ता छोटा आणि सुंदर. देवळाजवळचा धबधबा आणि डोह मात्र अनेकांचे जीव घेऊन बसला आहे. पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढते, आणि ते पाळायचे असतात. अंबरनाथ पूर्वेला काकोळे परिसर आणि तिथून ताहुलीच्या पायथ्याचा भाग आहे. याच टेकड्यांत वालधुनी नदी उगम पावते. ती अंबरनाथच्या इसवी सन १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमार्गे कल्याणच्या खाडीकडे जाते. उगमाजवळचे पाणी आणि उल्हासनगरातले पाणी एकाच सकाळी पाहणारा सायकलस्वार नदीच्या प्रदूषणावरचा लेख न वाचताही बरेच काही समजून घेतो.

उल्हासनगरातून निघणाऱ्यांना नेवाळी नाक्यावरून मलंगगडाचा पायथा जवळ पडतो. पायथ्यापर्यंत सायकल, पुढे पायऱ्या. यात्रेच्या दिवसांत तिथे सायकल घेऊन जाऊ नये.

सायकल आणि सरंजाम

दुकानात 'एमटीबी' असा स्टिकर लावलेली प्रत्येक सायकल डोंगराची नसते. पुढे-मागे जाड स्प्रिंग लावलेल्या स्वस्त सायकली जड असतात आणि खडकावर त्यांचे स्प्रिंग झटका शोषण्याऐवजी उसळी देतात. त्यापेक्षा मागे स्प्रिंग नसलेली, पुढे बऱ्यापैकी सस्पेन्शन फोर्क असलेली आणि डिस्क ब्रेकची सायकल इथे बरी. पूर्ण सस्पेन्शनची महाग सायकल हवीच असे या डोंगरांत काही नाही, कारण लांब उतारच नाहीत.

हवा किती भरायची यावर बरेच अवलंबून असते. रस्त्यावरच्या सायकलसारखे टायर दगडासारखे टणक केले की मुरमावर पकड जाते. दोन इंचांहून रुंद टायरमध्ये वजनानुसार २५ ते ३५ पीएसआय हवा बहुतेकांना पुरते. त्याहून खूप कमी केली तर खडकावर आपटून ट्यूब दोन ठिकाणी फाटते. बाभूळ आणि करवंदीचे काटे इथले नेहमीचे शत्रू. ट्यूबऐवजी आत चीक भरलेले ट्यूबलेस टायर असतील तर छोटी भोके आपोआप बुजतात; नसतील तर दोन सुट्या ट्यूब, पंप आणि चेन जोडण्याचे हत्यार जवळ हवे. वाडीवर पंक्चर काढणारा मिळत नाही.

हेल्मेट आणि हातमोजे हे सांगायलाच नको. पाण्याचे मात्र पुन्हा सांगायला हवे : मार्चनंतर उघड्या बेसॉल्टवर सकाळी दहालाच तवा तापल्यासारखे होते आणि बहुतेक ओढे आटलेले असतात. माणशी तीन लिटर पाणी जास्त नाही.

कधी जावे, कधी जाऊ नये

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाऊस संपल्यावर वाटांना वाळायला दोन-तीन आठवडे द्यावेत. ओल्या मातीत चाक रुतत असेल, मागे खोल चर राहत असेल, तर त्या दिवशी परत फिरावे. ती चर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. या दिवसांत भात कापून खळ्यावर येतो. खाचरांच्या बांधावरून सायकल घालू नये, बांध मातीचे असतात आणि फुटले तर पुढच्या वर्षी शेतात पाणी ठरत नाही. दर सात-आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा डोंगरउतार निळे-जांभळे होतात. अशा वर्षी झुडपांतून नवी वाट काढण्याचा मोह आवरावा.

फेब्रुवारीनंतर गवत वाळते आणि वणव्यांचा काळ सुरू होतो. बहुतेक वणवे माणसांनीच लावलेले किंवा माणसांच्या निष्काळजीपणाने लागलेले असतात. वाऱ्याच्या दिशेने वर चढणारी आग सायकलपेक्षा वेगवान असते. लांबून धूर दिसला तर सोंडेवर चढू नये, मोकळ्या कातळाकडे किंवा आधीच जळालेल्या जागेकडे सरकावे आणि वनखात्याला कळवावे. आग विझल्यावर उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहते, त्यामुळे जळालेल्या उतारावर त्या वर्षी सायकल नेऊ नये.

पावसाळ्यात डोंगरवाटा बंद समजाव्यात आणि घाटरस्त्यांवर समाधान मानावे. उल्हास नदीचे पाणी किती वेगाने चढते याचा अनुभव या भागाला आहे. २७ जुलै २०१९ च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक गावकऱ्यांनी बाहेर काढले. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा परतीच्या वेळी छातीएवढा झालेला असू शकतो. ओढ्याचे पाणी गढूळ झाले आणि त्यात काटक्या वाहू लागल्या, तर वर पाऊस झाला आहे असे समजून अलीकडेच थांबावे.

अपघात झालाच तर पडलेल्याला घाईने उठवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल तर जागेवरच ठेवावे. १०८ ही रुग्णवाहिकेची आणि ११२ ही आपत्कालीन सेवा डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून आत माणसे लागतात, आणि ती बहुतेक वेळा जवळच्या वाडीतलीच असतात. म्हणून निघताना वाडीवर थांबून आपण किती जण आहोत, कोणत्या वाटेने जातोय आणि कधी परतणार हे सांगून जावे. मुरमाड, दगडी उतारांवर फुरसे आढळते; आकाराने लहान, रंगाने दगडासारखे, त्यामुळे विश्रांतीला बसताना किंवा दगड उचलताना आधी नीट बघावे. दंश झाला तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. हातपाय न हलवता रुग्णाला प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे, आणि सायकल तिथेच सोडावी.